नळी कुणाच्या ताटात

डॉक्टर म्हणाला होता, “जे खाताय तेच खात राहा.” त्यातलं ‘जे खाताय तेच’ सलमानियाच्या हॉस्पिटलातून गुदैबियाच्या घरी येता येता कुठं गळून पडलं कोण जाणे. रहिमतुल्लाभाईंच्या कानापर्यंत पोचलं ते नुसतं ‘खात राहा’, आणि त्यांना तेवढं पुरेसं होतं. धाकट्या भावाचा फोन ठेवून त्यांनी सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, दुकानाचं शटर भरदुपारी ओढलं, वाटेत बकरा सांगितला आणि घरी येऊन मुहर्रकपासून जुफैरपर्यंत बहरीनमध्ये जेवढे म्हणून दाभोळवाले होते तेवढ्यांना येत्या जुम्म्याच्या दावतीचं निमंत्रण देऊन टाकलं.

“ताहिर बरा झाला,” ते प्रत्येकाला फोनवर सांगत होते. “ऑपरेशन कॅन्सल. परहेज खलास.”

शेजारी पाण्याचा ग्लास घेऊन ताहिरची बायको हलिमा उभी होती. ऑपरेशन कॅन्सल, हे खरं होतं. ते शब्द कितीदा कानावर पडले तरी तिला हवेच होते, दर वेळी ऊर नव्यानं भरून येत होता. पण परहेज खलास, असं कुणीही म्हटलं नव्हतं.

“भाईजान,” फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “डॉक्टर म्हणाला, पथ्य चालू ठेवायचं. पथ्यामुळंच आकडा थांबलाय.”

“अगो, डॉक्टरनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, खात राहा. आता डॉक्टरपेक्षा तू शहाणी काय?” त्यांनी प्रेमानं तिच्या डोक्यावर थापटलं आणि पुढचा नंबर फिरवला.

भाईजानचं प्रेम हे असं होतं. त्यात समोरच्याचं ऐकून घ्यायला जागा नसायची.

गेल्या ऑक्टोबरात ताहिरच्या डोळ्यांखाली सूज आली, मग पावलांवर. तपासणीत निघालं की दोन्ही मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त निकामी झालीत. डॉक्टरनं कागदावर एक चढती रेघ काढून दाखवली. रक्तातल्या कचऱ्याचा आकडा असाच चढत राहिला तर उन्हाळ्यात हाताची शीर जोडायचं ऑपरेशन, आणि मग आठवड्यातून तीनदा डायलिसिसचं मशीन. ताहिर जहाजं दुरुस्त करायच्या ड्राय डॉकमध्ये क्रेन चालवायचा. मशीनवर झोपलेला माणूस क्रेनवर चढत नाही, आणि क्रेनवर न चढणाऱ्याचा व्हिसा कंपनी ठेवत नाही. गावी परत जायचं म्हटलं तर दाभोळच्या आसपास तसलं मशीन कुठं आहे, हे शोधूनही सापडलं नव्हतं. त्या रेघेच्या टोकाला काय आहे ते हलिमाला तिथंच, खुर्चीत बसल्या बसल्या दिसलं होतं.

आणि पाच महिन्यांत तिनं ती रेघ आडवी करून दाखवली होती. कुठल्या औषधानं नाही, ताहिरच्या ताटानं. मटण, मासे, अंडी, डाळ, दूध, सगळ्यात ते प्रोटीन. अंगाला लागतं तेवढं लागतं आणि उरलेल्याचा कचरा मूत्रपिंडांना उपसावा लागतो. अर्धमेल्या मूत्रपिंडांवर तेवढी हमाली टाकायची नाही, एवढीच सगळी गोष्ट. दिवसभरात काड्यापेटीएवढा एक तुकडा, मटणाचा नाहीतर मासळीचा. बाकी पोट भरायचं ते भातानं, तुपानं, भाज्यांनी.

जुम्म्याच्या सकाळी ताहिर नमाजाला जायचा सदरा घालत होता. तो अंगावर थोडा ढगळ झाला होता, पण चेहऱ्यावरची सूज गेल्यानं माणूस लग्नातल्या फोटोसारखा दिसायला लागला होता. हलिमानं त्याची कॉलर सारखी केली.

“आज काय करणार तुमी?” तिनं विचारलं.

“काय करणार म्हणजे?”

“भाईजान नळी काढून ठेवणार तुमच्यासाठी. मला माहीत हाय.”

ताहिर बटण लावता लावता थांबला. त्या घरात मटणातल्या नळीचं, त्या गर भरलेल्या हाडाचं, एक महत्त्व होतं. अब्बा जहाजावरून सुट्टीला आले की पहिला तुकडा स्वतःच्या हातानं प्रत्येकाच्या ताटात घालायचे, आणि ज्याचा त्या दिवशी मान असेल त्याला नळी. अब्बा गेले तेव्हा भाईजान एकोणीस वर्षांचे होते आणि ताहिर अकरा. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला भाईजाननं अब्बांच्या जागी बसून भांड्यात हात घातला आणि नळी धाकट्या भावाच्या ताटात ठेवली. त्या हातानं पुढं ताहिरला शिकवलं, इकडं आणलं, नोकरीला लावलं.

“त्यांच्या हातचा तुकडा आजवर कुणी परत केलाय का?” ताहिर म्हणाला. “आणि खरं सांगू, हलिमा? मलापण खावासा वाटतो गो. एक दिवस.”

“एक तुकडा असता तर मी काय बोलले नसते. तुमच्या वाटणीचा तुकडा मी आज सकाळपासून राखूनच ठेवलाय. पण भाईजानचा पडला की अलीमियाँ चाचांचा पडणार, त्यांचा पडला की बाकीच्यांचा. कुणाला नाय म्हणणार तुमी? आणि आज खाल्लंत की उद्यापासून सगळे म्हणणार, त्या दिवशी खाल्लं, काय झालं?”

ताहिर पुन्हा बटण लावायला लागला. माणूस क्रेनवर चढून उन्हावाऱ्यात टनावारी लोखंड हलवायचा, पण मोठ्या भावापुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची. हलिमा ते ओळखून होती. त्याच्या जिभेवर भिस्त ठेवून चालणार नव्हतं.

स्वयंपाकघरात रुकय्या भाबी मोठ्या टोपात कालथा फिरवत होती. एका फ्लॅटमध्ये दोन संसार आणि एकच गॅस. पुढच्या दोन शेगड्या भाबीच्या, मागची लहान हलिमाची. त्या लहान शेगडीवर हलिमा शिरवल्यांचं पाणी उकळत होती. तांदळाच्या पिठाच्या शेवया आणि वर गूळ घातलेला नारळाचा रस. दाभोळला ईदेला व्हायच्या त्याच.

“चाळीस माणसं मटण खाणार आणि त्यात माझा दीर शेवया चघळणार,” भाबी टोपाकडं बघतच म्हणाली. “लोक म्हणतील, भावजयीनं उपाशी मारला.”

“उपाशी कुठं हायत? सुनीताबाई काय म्हणाल्या होत्या आठवतं ना? पोट भरून खायचं, उपाशी राहिला तर अंग स्वतःचंच मांस खायला लागतं. शिरवल्या, घावणे, तूपभात, सगळं चालेल म्हणाल्या.”

सुनीताबाईंचं नाव निघालं आणि भाबीचा कालथा टोपावर जरा जोरात वाजला. हलिमानं जीभ चावली. नको तिथं बोट लागलं होतं.

सुनीताबाई म्हणजे हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ, पुण्याच्या. थंडीतल्या दुसऱ्या तपासणीत आकडा खाली यायचा सोडून वर गेला, तेव्हा डॉक्टरनं यांना त्यांच्याकडं पाठवलं. घरातली वडील बाई म्हणून भाबी सोबत आली होती, आणि तिनंच पुढं होऊन सगळं सांगितलं. सकाळी दोन अंडी. दहा वाजता पाया, बकऱ्याच्या पायांचं पाणी, अशक्तपणावर. दुपारी सुरमई, डाळ. रात्री खिमा, झोपताना दूध.

“आणि प्रोटीन कमी करायला सांगितलं होतं ना?” सुनीताबाईंनी विचारलं.

“कमी?” भाबी अभिमानानं म्हणाली. “बाई, एक चमचासुद्धा दिलं नाय. डबा मी माझ्या कपाटात कुलपात ठेवलाय.”

भाबीच्या लेखी प्रोटीन म्हणजे तो डबा. तपकिरी भुकटीचा, पत्र्याचा, वर पहिलवानाचं चित्र. दरवर्षी सुट्टीला जाताना ती असे डबे भरून न्यायची आणि दाभोळातल्या बाळंतिणींना, म्हाताऱ्यांना वाटायची. ‘बहरीनचं प्रोटीन’ म्हणून गावात त्याला नाव होतं. डॉक्टरनं प्रोटीन बंद म्हटल्यावर तिनं इमानदारीनं डबा बंद केला होता, आणि भुकटी गेली म्हणून ताकद भरून काढायला अंडी नि पाया वाढवला होता.

सुनीताबाई हसल्या नाहीत. त्यांनी अंडं, मासा, डाळ, एकेक करून समजावून सांगितलं. हसली ती हलिमा. तिथं नाही, टॅक्सीत. इतक्या दिवसांची भीती एकदम बाहेर पडली म्हणा, पण ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. भाबी सबंध वाटभर खिडकीतून बाहेर बघत राहिली. घराच्या जिन्यावर ती थांबली आणि म्हणाली, “ह्यातलं एक अक्षर तुझ्या भाईजानला कळलं तर बघ. घरभर नि दुकानभर माझी टिंगल होईल. आणि ह्यापुढं तुझ्या नवऱ्याचं तू बघायचं.”

हलिमानं कसम खाल्ली होती. त्या दिवसापासून भाबीनं ताहिरच्या भांड्याला हात लावला नव्हता. बोलणं चालू होतं, हसणं बंद होतं.

हलिमा दावत ठरल्यापासून मनाशी एकच घोकत होती, की भाईजानच्या डोक्यात आकडे शिरत नाहीत, डॉक्टर शिरत नाही, पण डब्याची गोष्ट एका क्षणात शिरली असती. आणि तीच नेमकी सांगता येत नव्हती.

नमाजानंतर माणसं आली. हॉलमधलं फर्निचर भिंतीला लावून गालिचावर दस्तरखान अंथरला. मे महिन्याचं ऊन, खिडकीतला एसी धापा टाकत होता आणि जिन्यावर चपलांचा ढीग पडला होता. अलीमियाँ चाचा आल्या आल्या ताहिरच्या गळ्यात पडले. अब्बांच्या जहाजावरचे शेवटचे सोबती, आता मुहर्रकला मुलाकडं राहायचे.

“सुकलास रे,” ते त्याचे दंड चाचपत म्हणाले. “आता भरून काढ. महिनाभर रोज पाया. काय रहिमतुल्ला?”

“आजपासूनच, चाचा. यल्ला, बसा सगळे.”

हलिमा पडद्याआड दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिची लेक शाजिया ताटं आत नेऊन ठेवत होती. ताहिरच्या पुढ्यात तिनं आईनं दिलेली शिरवल्यांची थाळी ठेवली, कडेला तो काड्यापेटीएवढा तुकडा. कुणीतरी पुरुषांतून म्हणालं, “हे काय, नवरदेवाला वेगळं जेवण?” आणि सगळे हसले. ताहिरही हसला. ते हसू हलिमाला आवडलं नाही. हार मानायच्या आधी माणूस हसतो तसं होतं ते.

रहिमतुल्लाभाईंनी बिस्मिल्ला म्हणून टोपात हात घातला. त्यांनी नळी बाहेर काढली. चांगली वीतभर, भोवती मांसाचा लगदा लोंबणारी. ती हातात धरून ते बोलायला लागले आणि त्यांचा आवाज भरून आला.

“अब्बा असते तर आज त्यांनी ही ताहिरला दिली असती. अल्लानं माझा भाऊ मला परत दिला. घे, ताहिर. शेवया बाजूला कर.”

ताहिरनं थाळीकडं बघितलं, भावाकडं बघितलं. “भाईजान, मला...” तो म्हणाला आणि तिथंच अडकला. त्याचा हात ताट पुढं करायला निघाला होता.

हलिमानं पडदा धरला. पुरुषांच्या जेवणात आजवर ती कधी बोलली नव्हती. आता बोलायचं, मग भाईजान उद्या घराबाहेर काढोत. पाच महिन्यांची कमाई तिच्या डोळ्यांसमोर त्या ताटात उतरत होती. तिनं तोंड उघडलं.

“त्या नळीत प्रोटीन हाय.”

आवाज तिचा नव्हता. तिच्या मागून, हातातला कालथा तसाच घेऊन रुकय्या भाबी पडदा सारून हॉलमध्ये शिरली होती.

चाळीस माणसं बघत राहिली. भाईजानचा हात हवेत राहिला.

“काय?”

“प्रोटीन,” भाबी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “तुमाला वाटतं, प्रोटीन डब्यात असतं. मलापण तसंच वाटत होतं. डॉक्टरनं प्रोटीन बंद कर म्हटलं तर मी डब्याला कुलूप घातलं आणि तुमच्या भावाला दोन महिने अंडी नि पाया घातला. माझ्या हातानं. आकडा वर गेला तो माझ्यामुळं. हॉस्पिटलात त्या बाईपुढं मी छाती काढून सांगितलं, एक चमचासुद्धा दिलं नाय म्हणून. हलिमाला विचारा. ती होती तिथं.”

कोपऱ्यातून कुणाचं तरी हसू फुटायला लागलं होतं, ते भाबीनं नुसत्या नजरेनं दाबलं.

“हसा, हसा. हलिमापण हसली होती. पण हसली तरी तिनं कुणाला सांगितलं नाय. दावत ठरवताना तुमी तिचं ऐकलं नाय, तरी नाय सांगितलं. आता मी सांगते. मटणात प्रोटीन, माशात प्रोटीन, अंड्यात, डाळीत, दुधात. त्याच्या मूत्रपिंडांना त्याचा कचरा काढता येत नाय. ही नळी त्याच्या ताटात पडली की चाचांचा तुकडा पडेल, मग बाकीच्यांचा. दोन महिने घालून मी काय केलं ते मी बघितलंय. तुमी नका करू.”

रहिमतुल्लाभाई बायकोकडं बघत होते. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि चार माणसांत तिनं आपली चूक कबूल केल्याचं त्यांना आठवत नसावं. मग त्यांची नजर हळूहळू हातातल्या नळीवर आली.

“अब्बांचे पाय असेच सुजले होते,” ते म्हणाले. आवाज एकदम खाली गेला होता. “डोळ्यांखालीपण. चाचा, मीच रोज पायाचं पाणी पाजत होतो. ताकद येईल म्हणून.”

अलीमियाँ चाचांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “कुणाला माहीत होतं, पोरा. डॉक्टरच कुठं होता तेव्हा? जे होतं ते तू दिलंस.”

मग ताहिर बोलला, आणि इतकं सरळ बोलला की हलिमाला क्षणभर दुसरंच कुणी बोलतंय असं वाटलं.

“भाईजान, तुमी मला खूप दिलंत. नळी नको. मला अजून वीस वर्षं क्रेनवर चढायचंय.”

भाईजाननं नाक ओढलं. डोळे बाहीला पुसले. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं, कुणाचं न ऐकणारं प्रेम परत आलं. फक्त आता त्याचं तोंड दुसरीकडं वळलं होतं.

“शाजिया,” त्यांनी हाक मारली, “तुझ्या बापाच्या ताटातलं ते काय ते मलापण वाढ. आधी मी तेच खाणार. आणि ऐका सगळे. आजपासून ताहिरच्या ताटात काय पडेल ते हलिमा ठरवणार. दुसऱ्या कुणाचा हात तिथं गेला तर तो हात मी टोपात घालीन. खलास.”

“आणि ही नळी?” चाचांनी विचारलं. ती अजून भाईजानच्या हातात होती, रस्सा मनगटापर्यंत ओघळला होता.

“नळी मानाच्या माणसाची,” रहिमतुल्लाभाई म्हणाले. “हलिमाला बोलवा. ताट घेऊन ये म्हणावं.”

हलिमाला ऐकू आलं, पण ती पडद्याशीच उभी राहिली. भाबीनंच तिच्या हातात ताट कोंबलं आणि पाठीत हात घालून तिला पुढं ढकललं.

“जा गो. आणि खा नीट,” भाबी म्हणाली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, “पाच महिने हिनंपण मटण तोंडाला लावलं नाय. नवरा खात नाय म्हणून. मी भांडी बघते, मला दिसतं.”

हे ताहिरलाही माहीत नव्हतं. त्यानं मान वर करून बायकोकडं असं बघितलं की हलिमाला ओढणी पुढं ओढावी लागली. भाईजाननं नळी तिच्या ताटात ठेवली, अब्बा ठेवायचे तशी, आवाज न करता. तिला वाटलं होतं, ती ताट घेऊन आत जाईल. पण भाईजान म्हणाले, “इथंच बस, तुझ्या नवऱ्याशेजारी,” आणि अलीमियाँ चाचांनी सरकून जागा केली.

ती बसली. ताहिर शिरवल्या खात होता, आणि पलीकडं भाईजान बोटांवरचा नारळाचा रस चाटत म्हणत होते की ह्या दाभोळसारख्याच झाल्यात, इतके दिवस कुणी आपल्याला का नाही दिल्या. पडद्याशी भाबी अजून उभी होती. हलिमानं तिच्याकडं बघितलं आणि दोघींनाही टॅक्सीतलं एकदमच आठवलं असावं, कारण भाबीच्या ओठांचा कोपरा हलला आणि मग ती हसली. कालथ्यानं तोंड झाकून, खांदे गदगदेपर्यंत.

हलिमानं मांस खाल्लं. पाच महिन्यांनी तोंडात ती चव आली आणि डोळ्यांत पाणी आलं, मसाल्याचंही असेल. मग तिनं नळी उभी धरून ताटावर आपटली. आतला गर निघाला नाही.

“जोरात,” भाबी दारातून म्हणाली.

तिनं जोरात आपटली. ताट खणकन वाजलं आणि सगळ्या हॉलचं बोलणं थांबलं. शाजिया लाजून चूर झाली.

“मम्मी, एव्हरीवन इज लुकिंग.”

“बघू देत,” हलिमा म्हणाली, आणि तिनं नळी पुन्हा एकदा ताटावर आपटली.